घोड्यांच्या वाटेवरची सायकल

मंडळी, इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतून ग्रॅव्हल सायकल चालवायची, तर आधी नकाशा बघा. तिथं ‘फुटपाथ’ म्हणजे शेतातली पायवाट, फक्त चालणाऱ्यांसाठी. ‘ब्रायडलवे’वर घोडेस्वारही जातात, आणि १९६८च्या कायद्यानं तिथं सायकललाही हक्क मिळाला. अट एवढीच, की चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची.

आता ‘रिजवे’ हा १३९ किलोमीटरचा मार्ग घ्या. एव्हबरीजवळून निघून, अफिंग्टनच्या टेकडीवर खडूनं रेखलेल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या पांढऱ्या घोड्याजवळून, थेम्सपर्यंत सायकल जाते. नदीपलीकडे मात्र बराचसा भाग पायवाटच आहे.

म्हणूनच तिथले काही लोक जुने नकाशे, दस्तऐवज धुंडाळून विसरलेल्या वाटांची नोंद करून घेतात. नोंद नसेल, तर हक्क सिद्ध करणं अवघड जातं.