वट कोणाची, आवडतं कोण?

पाचवीच्या वर्गात मी मुलांना चिठ्ठीवर दोन नावं लिहायला सांगते. नॅशनल पार्कला सहल निघाली, तर बसमध्ये शेजारी कोण हवं आणि कोण नको? चिठ्ठी घडी घालून थेट माझ्या हातात. वर्गात वाचायची नाही, बाईंनाही दाखवायची नाही. मुलुंड-घाटकोपरच्या शाळांत समुपदेशक म्हणून फिरताना वर्ग मला कळतो तो या चिठ्ठ्यांतून.

पद्धत जुनीच. १९८२ साली अमेरिकेत कोई, डॉज आणि कोपोटेली यांनी अशाच प्रश्नांवरून मुलांचे गट पाडले: लाडकी, नकोशी, कुणाच्या खिजगणतीतही नसलेली, काहींना फार हवीशी नि काहींना अजिबात नकोशी, आणि उरलेली चारचौघांसारखी. पालकांना घोर असतो खिजगणतीत नसलेल्यांचा. "आमचा एकटाच असतो हो, मॅडम!" मला त्याची तेवढी चिंता नसते, तुकडी बदलली की अशा मुलाला बहुधा कुणीतरी भेटतं. 'नकोसा' हा शिक्का मात्र सहजी पुसत नाही. असं मूल चिडकं, हात उगारणारं असेल, तर पुढे ते मारही खातं आणि मारतंही.

पण आठवी-नववीत दादागिरी करणारा दर वेळी नकोसाच असतो असं नाही. गॅदरिंगमध्ये तोच पुढे, सरांचाही लाडका. 'कोण आवडतं' आणि 'कुणाची चालते' यांची उत्तरं या वयात वेगळी येतात. फॅरिस आणि फेल्मली यांच्या २०११ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात वट वाढेल तशी आक्रमकता वाढलेली दिसली. अगदी टोकावरच्या मुलांत ती पुन्हा उतरली. जागा पक्की झाली की कुणाला ढकलायची गरज उरत नसावी.

आठवीतल्या एका मुलीने मला मोबाइल दाखवला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून तिला काढलं, परत घेतलं, परत काढलं. मध्ये नुसत्या हसऱ्या इमोजींची रांग. काढणारी एकटीच होती; तिला जोर चढत होता तो त्या रांगेमुळे. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ मध्ये हेच मांडलं: छळणाऱ्याभोवती साथीदार असतात, चेकाळवणारे असतात, बघे असतात आणि थोडे पाठीशी उभे राहणारेही.

त्या मुलीची आई म्हणाली, "तुकडी बदलून द्या." शिक्षा हिलाच कशाला? मी आधी हसणाऱ्यांना बोलावलं, एकेकीला. घोळक्याने आल्या की पुन्हा हसतात. प्रत्येकीचं एकच, "मी काहीच केलं नाही, मॅडम." मग विचारलं, उद्या मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खाशील? दोघी लगेच हो म्हणाल्या. तिसरी म्हणाली, "ग्रुपवर विचारून सांगते."