कळांची वेळ कोण ठरवतं?

कालगणनेशी उज्जैनचं नातं फार जुनं आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्गणितातलं शून्य रेखावृत्त या नगरीतून जात असे. सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात इथे वेधशाळा उभारली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार करवला. अशा गावात, माधव नगरसारख्या वस्तीत, लेकीला नववा लागला की डॉक्टरांच्या तारखेशेजारी पंचांगही उघडलं जाणं स्वाभाविक आहे. पण बाळ या दोन्हींच्या हिशेबाने चालत नाही.

डॉक्टर तारीख काढतात ती शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात २८० दिवस मिळवून. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी हा अंदाज अधिक नेमका करते. तरीही बरोबर त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच. बहुतेक बाळं ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान येतात, आणि पहिलटकरणीचे दिवस थोडे पुढे जाणं नेहमीचंच. म्हणून तारीख उलटताच ‘अजून काहीच नाही?’ असं तिला दहा जणांनी विचारू नये.

मग सुरुवात करतं कोण? न्यूझीलंडचे डॉक्टर ग्रॅहम लिगिन्स यांनी १९६०च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. पोटातल्या कोकराची पिट्युटरी ग्रंथी निकामी केली, तर प्रसूती सुरूच होईना. कोकराला कॉर्टिसोल दिलं, की ती वेळेआधी सुरू होई. म्हणजे इशारा कोकराकडूनच येत होता. शिवाय असं अवेळी जन्मलेलं कोकरू अपेक्षेपेक्षा चांगला श्वास घेत होतं, कारण तेच कॉर्टिसोल फुप्फुसंही पिकवत होतं. या निरीक्षणातूनच, बाळ अपुऱ्या दिवसांचं होणार असेल तर आईला स्टिरॉइडचं इंजेक्शन देण्याचा उपचार निघाला. लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये तो प्रसिद्ध केला.

माणसात ही यंत्रणा अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिचा पूर्ण उलगडा अजून झालेला नाही. पण शेवटच्या आठवड्यांत आत बरंच काही घडत असतं. गर्भाशयाला शांत ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचा प्रभाव ओसरतो, ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारे ग्राही (रिसेप्टर) वाढतात, गर्भपिशवीचं घट्ट तोंड मऊ पडू लागतं. अधूनमधून येऊन विरणाऱ्या खोट्या कळाही याच काळातल्या. खऱ्या कळा नियमित येतात, त्यांच्यातलं अंतर घटत जातं आणि विश्रांती घेतल्याने त्या थांबत नाहीत.

म्हणूनच वैद्यकीय कारण नसताना केवळ मुहूर्तासाठी ३९ आठवड्यांआधी सिझेरियन करून घेणं बाळावर अन्याय आहे. अशा बाळांना जन्मल्यावर श्वासाचा त्रास होण्याचा धोका वाढतो. शुभ वेळेच्या हौसेपायी त्याला काचेच्या पेटीत ठेवायची पाळी येऊ नये. घरच्या घरी एरंडेल पाजून किंवा कुणाकडून तरी ‘कळांचं इंजेक्शन’ टोचून घेऊन घाई करणंही तितकंच घातक. ऑक्सिटोसिनची मात्रा चुकली तर गर्भाशय फाटू शकतं.

मात्र वाट पाहण्यालाही मर्यादा आहे. ४१ आठवड्यांनंतर पोटातच बाळ दगावण्याचा धोका हळूहळू वाढतो. त्यामुळे ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल, तर कृत्रिमरीत्या कळा सुरू कराव्यात, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तदाब, मधुमेह असल्यास डॉक्टर त्याआधीही निर्णय घेतात.

‘शेवटी जागा कमी पडते, म्हणून बाळ कमी हलतं’ हा समज सोडून द्यायला हवा. हालचालीचा प्रकार बदलेल, पण ती मंदावता कामा नये. हालचाल कमी वाटली, पाणमोट फुटली, रक्त गेलं, डोकं असह्य दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते, आणि २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, औषधं आणि ने-आण मोफत आहे. गाडी, सोबतीला येणारं माणूस आणि तपासणीची कागदपत्रं घरच्यांनी नववा लागतानाच तयार ठेवावीत.