मुळशीचे पाणी कोणाच्या शब्दावर?

मुळशी खोऱ्याचा नैसर्गिक उतार पूर्वेकडे. नीला आणि मुळा या नद्या सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावतात, पुण्याकडे येतात आणि भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळतात, असा भूगोल. पण १९२७ पासून या पाण्याचा मोठा वाटा उलट दिशेने जातो. धरणात अडवलेले पाणी बोगद्यातून कड्यापर्यंत नेतात, सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडतात, आणि तिथून कुंडलिकेवाटे ते अरबी समुद्राला मिळते. हे ठरवताना खोऱ्यातल्या माणसांना कोणी विचारले नव्हते. तरीही त्यांनी आपले म्हणणे ठणकावून मांडले. त्या म्हणण्यातला अर्धा भाग इतिहासाने नोंदवला, उरलेला अर्धा अजून कुठल्याच दप्तरी आलेला नाही.

जान किंवा जमीन

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालत आणि कोळसा दुरून आणावा लागे. घाटमाथ्यावर धो धो कोसळणाऱ्या पावसापासून वीज करायची ही जमशेटजी टाटांची कल्पना. १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले, १९२२ मध्ये भिवपुरीचे. मुळशीची योजना त्याच मालिकेतली. तिच्यात पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी जाणार होत्या. मावळातली ही भातखाचरे आंबेमोहोराची. टाटा कंपनीच्या माणसांनी शेतकऱ्यांची परवानगी न घेताच चाचणीचे चर खणले, तिथून ठिणगी पडली.

१६ एप्रिल १९२१, रामनवमी. हजाराच्या वर मावळे, बायाबापड्यांसह, धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा याच लढ्यातली, आणि पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी ‘सेनापती’ म्हटले तेही याच काळात. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने खपले. कंपनीने काही महिने काम आवरते घेतले, पण वर्षअखेरीस ते पुन्हा सुरू झाले. मग अटकसत्र सुरू झाले. तुरुंगात गेलेल्यांत स्त्रियाही होत्या. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली आणि सात वर्षांची सजा ओढवून घेतली. तिथे लढा संपला. भिंत उभी राहिली.

हरले कोण?

राज्यशास्त्राचे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा जो अभ्यास केला, त्यातला सर्वांत बोचरा भाग खोऱ्याच्या आतल्या दुफळीचा आहे. जमिनीची मालकी बऱ्याच अंशी पुण्यातल्या जमीनदार-सावकारांकडे होती, नांगर धरणारे मावळे कुळे होते. लढा लांबला तसा मालकवर्ग मोबदल्याच्या वाटाघाटीकडे झुकला. त्याच्या दृष्टीने जमीन म्हणजे रक्कम, आणि रक्कम वाढवून घेता येते. कुळाला रक्कम नको होती, कारण ती त्याच्या हाती पडणारच नव्हती. १८९४ चा भूसंपादन कायदा मालकाला ओळखत होता. गुरे चारणारा, कसणारा, बलुतेदार यांना तो ओळखत नव्हता. आणि नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्यांचा तर विचारही कोणाच्या मनात नव्हता.

पुढे कोयना धरणाच्या विस्थापितांचे हाल राज्याने पाहिले, १९७६ मध्ये महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला, २०१३ मध्ये देशाने १८९४ चा कायदा मोडीत काढला. म्हणजे जमिनीपुरते मुळशीचे म्हणणे, उशिरा का होईना, कायद्यात उतरले. पाण्याचे काय?

हजार लिटरचा हिशेब

हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली सोडले तर यंत्रातली घट वजा जाता साधारण सव्वा युनिट वीज मिळते. ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या माणशी ५५ लिटर या मापाने तेच पाणी अठरा माणसांची एका दिवसाची गरज भागवते. हा हिशेब मांडला की हे पाणी पूर्वेला सोडा, ही भीमा खोऱ्यातल्या दुष्काळी तालुक्यांची मागणी समजते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचीही नजर मुळशीवर आहेच.

दुसरी बाजू तितकीच खरी. जलविद्युत काही मिनिटांत सुरू करता येते, संध्याकाळी मागणी चढली की तीच कामाला येते. ग्रिड कोसळले तरी मुंबईचे दिवे चालू ठेवण्याची जी व्यवस्था आहे, तिला या वीजघरांचा आधार आहे. शिवाय भिऱ्याहून सुटलेले पाणी वाया जात नाही. डोलवहाळच्या बंधाऱ्यावर ते कालव्यांत वळते, रोह्याकडची शेती आणि कारखाने त्यावर चालतात. कोलाडला सकाळी राफ्टिंगच्या रबरी बोटी निघतात, त्याही वीजघराच्या घड्याळावर. पाणी बंद तर नदीत नुसते धोंडे.

म्हणून हा प्रश्न ‘पूर्वेला की पश्चिमेला’ असा सोपा नाही. किती पाणी, कोणत्या महिन्यात आणि कोणाला विचारून, हा तो प्रश्न आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने १९७६ मध्ये पश्चिमेकडे वळवण्याची मर्यादा घातली: टाटांच्या धरणांतून सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी (अब्ज घनफूट), कोणत्याही एका वर्षी ५४.५ टीएमसीहून अधिक नाही. लवादापुढे पक्षकार होती ती राज्ये. खोरे पक्षकार नव्हते. धरणाच्या काठच्या गावांना लागू पडणारी म्हण मराठीत तयारच आहे: धरण उशाला, कोरड घशाला.

वाघाडचा धडा

लोकांना पाणी सांभाळता येत नाही, हा आक्षेप जुना आहे. त्याला नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड सिंचन प्रकल्पाने उत्तर दिले. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकाराने तिथे पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून घेणे, मोजून देणे, पट्टी स्वतः गोळा करणे, हे शेतकऱ्यांनी करून दाखवले. २००५ मध्ये सिंचन व्यवस्थापनाचा कायदाही आला. पण नावाप्रमाणेच तो सिंचनाच्या लाभक्षेत्रापुरता आहे. विजेसाठी बांधलेल्या जलाशयाच्या काठावरचा माणूस त्याच्या कक्षेत येत नाही.

ही फट बुजवायला धरण पाडावे लागत नाही, की मुंबईचे दिवेही घालवावे लागत नाहीत. काठच्या गावांच्या पिण्याच्या पाण्याचा हक्क आधी ठरवावा. भिंतीखालच्या मुळेत बारमाही किमान प्रवाह सोडावा. जलाशयाची पातळी आणि विसर्गाचे वेळापत्रक मराठीतून, गावच्या चावडीवर जाहीर व्हावे. आणि पाणी कोणत्या महिन्यात कुठे जाणार हे ज्या बैठकीत ठरते, तिथे मुळशी आणि कुंडलिका या दोन्ही खोऱ्यांतल्या ग्रामसभांचे प्रतिनिधी मतासह बसावेत. यातल्या पहिल्या तीन गोष्टी शासनाला आदेशाने करता येतील, चौथ्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागेल. सत्याग्रहाची शताब्दी आपण भाषणांनी साजरी केली, आता ही दुरुस्ती आपल्या आमदाराकडे मागावी.