नियम बहिणीलाही

आपल्याकडे महापौर म्हटले की डोळ्यांपुढे झगा, साखळी आणि उद्घाटनाच्या फिती येतात. मुंबईला ‘महापौर’ हे पद १९३१ साली मिळाले खरे, पण कारभाराच्या किल्ल्या राहिल्या आयुक्तांकडे. न्यूयॉर्कची गोष्ट वेगळी. तिथे महापौरच कारभारी. तो लबाड निघाला की शहर बुडते. आणि कमालीचा सचोटीचा निघाला तर? फिओरेलो ला ग्वार्दियाचे आयुष्य त्यासाठी पाहावे.

उंची पाच फूट दोन इंच, आवाज चिरका आणि राग नाकाच्या शेंड्यावर. जन्म १८८२ चा, न्यूयॉर्कमध्येच. वडील इटलीहून आलेले, अमेरिकी लष्करात बँडमास्तर. आई ट्रिएस्टची ज्यू. १८९८ च्या स्पेनबरोबरच्या युद्धात ठेकेदारांनी पुरवलेले नासके मांस खाऊन वडील आजारी पडले आणि त्यातच पुढे गेले, अशी मुलाची पक्की समजूत होती. १९१७ साली प्रतिनिधिगृहात पाऊल ठेवल्याबरोबर त्याने विधेयक आणले : युद्धकाळात सैन्याला असले अन्न पुरवणाऱ्याला मृत्युदंड! ते मंजूर झाले नाही, हे सांगायला नकोच.

मधली वर्षे धावपळीची. एलिस बेटावर स्थलांतरितांचा दुभाषा, रात्रीच्या वर्गांतून वकिली, पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर वैमानिक. १९२१ साली तान्ही मुलगी आणि पत्नी, दोघीही गेल्या.

१ जानेवारी १९३४ रोजी तो महापौर झाला तेव्हा शहर बँकांच्या दारात उभे होते. लोकांचा लाडका महापौर जिमी वॉकर १९३२ मध्ये भ्रष्टाचाराच्या चौकशीतून राजीनामा देऊन गेला होता, आणि ‘टॅमनी हॉल’ नावाच्या पक्षयंत्रणेने नोकऱ्या प्रसादासारख्या वाटून ठेवल्या होत्या. वॉशिंग्टनचे म्हणणे एवढेच, की आधी जमाखर्च जुळवा, मग मदत मागा. त्याने एप्रिलपर्यंत काटकसरीचा कायदा करून घेतला, शहराच्या नोकरांना बिनपगारी रजा घ्यायला लावल्या आणि वर्षअखेर बेकारांच्या मदतीसाठी दोन टक्के विक्रीकर बसवला. कर्ज मागायला येणाऱ्याने आधी स्वतःच्या ताटात कमी वाढून घ्यावे, ही आमच्या धंद्यातली जुनी अपेक्षा. ती पुरी करणारे पुढारी मी फार पाहिले नाहीत.

मग पैसा आला. हा रिपब्लिकन, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट डेमोक्रॅट. पण दोघांचे जमले. रोजगार योजनेच्या केंद्रीय खर्चातला सुमारे सातवा हिस्सा एकट्या न्यूयॉर्कने एके काळी खेचला. १९३६ मध्ये ट्रायबरो पूल, १९३९ मध्ये विमानतळ, शिवाय बागा, तरणतलाव, गरिबांसाठी चाळी. भरती वशिल्याने नव्हे, परीक्षेने होऊ लागली.

सगळेच गोड नव्हते. १९३५ च्या हार्लेममधल्या दंगलीवर त्यानेच नेमलेल्या समितीचा अहवाल त्याने अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही; काळ्यांच्या वृत्तपत्राने तो छापला. भुयारी रेल्वेचे भाडे पाच सेंटच राहू दिले. लोकांना बरे वाटले, तोटा मात्र वाढत गेला. १९४८ मध्ये, तो गेल्यानंतर, ते दहा सेंट करावे लागले. हिशेबाचा माणूस म्हणून मला हे खटकते.

तीन मुदती संपवून १९४५ अखेर तो बाहेर पडला आणि १९४६ मध्ये युद्धग्रस्तांना मदत करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचा प्रमुख झाला. आता गंमत पाहा – गंमत कसली म्हणा! त्याची सख्खी बहीण जेम्मा बुडापेस्टला राहत होती. १९४४ मध्ये नाझींनी तिला पकडून रॅव्हन्सब्रूकच्या छळछावणीत टाकले. नवरा माउथहाउझेनच्या छावणीत मेला. ती जगली आणि युद्ध संपले तेव्हा मुलगी व नातवासह बर्लिनमध्ये अडकून पडली होती. निर्वासितांची संस्था भावाच्या हातात. बहिणीने लिहिले, भावाने कळवले, की तुझ्यासारखी लाखो माणसे आहेत, तुझ्यासाठी वेगळा नियम करता येणार नाही.

हे वाचल्यापासून मी या माणसावर चिडलो आहे आणि त्याला मानतोही. वशिल्याविरुद्ध आयुष्यभर लढलेल्याने ऐन वेळी फोन उचलला असता, तर कोणी दोष दिला असता?

१९४७ च्या मे महिन्यात जेम्मा न्यूयॉर्कला पोचली. सप्टेंबरात तो स्वादुपिंडाच्या कर्करोगाने गेला. मागे गहाण असलेले घर आणि काही हजार डॉलरचे युद्धरोखे निघाले. जेम्मा पुढे क्वीन्सब्रिजच्या सरकारी चाळीतल्या खोल्यांत राहिली. ती चाळ भावाच्याच कारकिर्दीत बांधलेली. १९६२ मध्ये वारेपर्यंत ती न्यूयॉर्कमध्येच होती.