केना उपटून बांधावर फेकला तरी मरत नाही. मातीखालचे बी धरण्याआधीच निंदणी करा
कपाशीत वाढतो मजुरीचा खर्च, केळीत ‘हरण्या’ रोगाला मिळतो आसरा

नशिराबाद (ता. जळगाव) : मृगाचा पाऊस झाला आणि पऱ्हाटी चार-सहा पानांवर आली, की तिच्या बरोबरीने ओळीत मऊ, लांबट-गोल पानांचा केनाही वर येतो. बाया लावून निंदणी होते, शेत स्वच्छ दिसते. त्यानंतर एक चांगला पाऊस झाला की पंधरा-वीस दिवसांत परत तीच गत. नशिराबाद, भादली, तरसोद, साकेगाव या पट्ट्यात कापूस, सोयाबीन, मका आणि ठिबकवरची केळी असे सगळेच पीक आहे आणि केना या सगळ्यांत सापडतो. दोन-दोन, तीन-तीन निंदण्या करूनही तो हटत नाही, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते.

मजूर नीट निंदत नाहीत म्हणून असे होते, असे बऱ्याच जणांना वाटते. खरे कारण केन्याच्या वाढण्याच्या पद्धतीत आहे. हे झाड जमिनीवर बी धरते, जमिनीखालीही बी धरते आणि तुटलेल्या कांडीपासून पुन्हा उभे राहते. हे तिन्ही रस्ते माहीत असले तर तेवढ्याच मजुरीत निंदणीचे काम जास्त उपयोगी पडते.

केना ओळखायचा कसा?

केन्याचे शास्त्रीय नाव कॉमेलिना बेंगालेन्सिस. गाजर गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदले गेले, ते बाहेरून आलेले तण. केना तसा नाही. तो भारतासह आशिया आणि आफ्रिकेच्या उष्ण भागातला मूळचाच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात उगवतो, फुलतो आणि कोरडवाहू रानात पाणी तुटले की वाळतो. ठिबकच्या ओलीवर मात्र तो पुढेही टिकून राहतो.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत :

- पान रुंद, लांबट-गोल, साधारण ३ ते ७ सेंटिमीटर लांब. शिरा गवतासारख्या समांतर, पण पान गवतासारखे अरुंद नसते.
- पान जिथे खोडाला गुंडाळलेले असते, तिथे तांबूस-तपकिरी केस असतात. ही सगळ्यात पक्की खूण.
- खोड रसाळ, जमिनीवर पसरणारे. पेराला माती लागली की तिथे मुळ्या फुटतात.
- फूल निळे. दोन पाकळ्या मोठ्या, तिसरी लहान. सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून दुपारी शेतात गेलेल्याला ते दिसत नाही.
- फूल नरसाळ्यासारख्या हिरव्या आवरणातून बाहेर येते. या आवरणाच्या कडा खाली जुळलेल्या असतात.

केन्यासारखी दिसणारी दुसरी भावंडेही शेतात असतात. त्यांची पाने अरुंद, टोकदार असतात आणि फुलाच्या आवरणाच्या कडा मोकळ्या असतात. खात्री करायची असेल तर वाढलेले एक झाड खुरप्याने मुळासकट हळूच काढून, माती झटकून बघावे. पांढऱ्या दोऱ्यासारख्या फांद्या मातीत गेलेल्या आणि त्यांना बारीक शेंगा लागलेल्या दिसल्या तर तो हाच केना.

एका झाडाचे तीन रस्ते

पहिला रस्ता वरच्या बियांचा. निळ्या फुलानंतर जी शेंग धरते, तिच्यात साधारण पाच बिया असतात : एक मोठी, चार लहान.

दुसरा रस्ता मातीखालचा. केन्याच्या बुडाजवळून पांढऱ्या फांद्या जमिनीत जातात आणि तिथे न उमलणारी फुले येतात. त्यांना ना उजेड लागतो, ना मधमाशी. फूल आतल्या आतच फळते आणि शेंगेत साधारण तीन बिया तयार होतात : एक मोठी, दोन लहान. भुईमुगाचे फूल वर लागते आणि आरी जमिनीत जाते. केन्याचे हे फूलच मुळात जमिनीत असते. वरून खोड कापले तरी ही शेंग मातीतच राहते.

मोठ्या बिया आणि लहान बिया एकाच वेळी उगवत नाहीत. काही लगेच उगवतात, काही पुढच्या पावसाची वाट बघतात, काही पुढच्या वर्षापर्यंत थांबतात. म्हणून एका हंगामात केन्याच्या तीन-चार लाटा येतात. मातीत पडलेले बी तीन-चार वर्षे टिकू शकते. मोकळ्या जागेत वाढलेले एक झाड हजाराच्या वर बी देऊ शकते.

तिसरा रस्ता कांडीचा. पेर असलेला तुकडा ओल्या मातीवर पडला की त्याला मुळ्या फुटतात. रसाळ खोडात पाणी साठलेले असल्याने उपटलेला केना उन्हात पडूनही बरेच दिवस जीव धरून राहतो. त्यामुळे ओल्या शेतात रोटाव्हेटर फिरवला की एका झाडाची दहा झाडे होतात. भरपावसात कोळपणी केली तरी हाच प्रकार होतो.

निंदणीची वेळ महत्त्वाची

केना उगवल्यापासून साधारण सहा आठवड्यांनी मातीखाली फुले धरू लागतो. वरची निळी फुले त्यानंतर येतात. म्हणजे निळे फूल दिसल्यावर निंदणीला बाया लावल्या तर उशीर झालेला असतो. खाली बी तयार व्हायला लागलेले असते आणि ओढताना त्यातल्या शेंगा तुटून मातीतच राहतात.

म्हणून निंदणीचा हिशेब पिकाच्या वयासोबत केन्याच्या वयावरही धरावा. एक लाट उगवल्यापासून तीन-चार आठवड्यांच्या आत ती निघाली पाहिजे. कपाशी पहिले ६० दिवस आणि सोयाबीन पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त ठेवावे, असे कृषी तज्ज्ञ सांगतात. तो काळ आणि केन्याच्या पहिल्या दोन लाटा जवळपास एकत्रच येतात. हे दोन महिने सांभाळले तर पुढे कपाशीची सावली पडते आणि काम हलके होते. मात्र केना सावलीतही तग धरतो, त्यामुळे राहिलेली तुरळक झाडे हाताने काढावीच लागतात.

पेरणीआधी एक सोपा उपाय आहे. पावसाने किंवा ठिबकच्या ओलीने पहिला केना उगवू द्यावा आणि तो दोन-तीन पानांवर असताना वखराची हलकी पाळी देऊन मग लागवड करावी. केन्याचे बहुतेक बी वरच्या दोन इंचांतूनच उगवते. पहिली लाट पीक नसतानाच मोडली तर एका निंदणीचा खर्च वाचतो. बोंडअळीचा प्रादुर्भाव टाळण्यासाठी १ जूनआधी कापूस लावू नका, असे कृषी विभाग सांगत असतो. तोपर्यंतचे थांबलेले दिवस या कामी येतात.

ज्या शेतात केना फारच माजला आहे तिथे उन्हाळ्यात एकदा खोल नांगरट करावी. वरचे बी खोल गेले की त्यातले बरेचसे उगवून वर येऊ शकत नाही. मात्र पुढच्या वर्षी तेच शेत पुन्हा खोल नांगरले तर गाडलेले बी परत वर येते. त्यानंतर दोन-तीन वर्षे वखरावरच भागवावे.

उपटलेला केना टाकायचा कुठे?

बहुतेक ठिकाणी चूक इथेच होते. निंदलेला केना ओळीतच पडतो किंवा बांधावर ढीग लागतो. पाऊस आला की ओळीतला पुन्हा जीव धरतो आणि बांधावरचा बांध व्यापतो. बांधावरचे बी पाण्याबरोबर परत शेतात येते.

- फूल न धरलेला केना गुरांना टाकावा. पाला मऊ असल्याने गुरे खातात. पाणी जास्त असल्याने सोबत कडबा किंवा कुट्टी द्यावी.
- बी धरलेला केना उकिरड्यावर टाकू नये. उकिरडा नीट तापला नाही तर तेच बी शेणखतातून शेतात जाते.
- असा केना एका जागी ढीग करून जुन्या प्लॅस्टिकच्या कागदाखाली पूर्ण कुजेपर्यंत दाबून ठेवावा किंवा खोल खड्ड्यात गाडावा.
- नाल्यात, पाटचारीत टाकू नये. तुकडे वाहून खालच्या शेतकऱ्याच्या रानात जातात.
- केन्याच्या शेतातून निघालेला वखर, रोटाव्हेटर दुसऱ्या शेतात नेण्याआधी माती आणि अडकलेल्या कांड्या काढाव्यात.

तणनाशकाने काम होते का?

पूर्ण होत नाही. पेरणीनंतर लगेच मारायचे पेंडिमेथॅलिनसारखे तणनाशक बऱ्याच तणांना रोखते, पण केन्याच्या बाबतीत एकट्या त्याच्या भरवशावर राहता येत नाही. उगवणीनंतरच्या औषधांचा परिणाम केना दोन-चार पानांवर असतानाच होतो. पसरलेल्या केन्याची पाने करपतात आणि पेरांतून नवे फुटवे येतात. कोणते औषध कोणत्या पिकात चालते हे डब्यावरच्या लेबलवर लिहिलेले असते. त्यात आपले पीक नसेल तर ते मारू नये.

ग्लायफोसेटबाबत विशेष सांगायला हवे. ‘चोर बीटी’ म्हणून विकले जाणारे तणनाशक सहन करणारे कापूस बियाणे ‘निंदणीची कटकट नाही’ असे सांगून खपवले जाते. या बियाण्याला देशात मंजुरी नाही. पीक गेले तर पावती नसते आणि दादही मागता येत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून ग्लायफोसेटचा वापर फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत करण्याचे बंधन घातले.

कायदा बाजूला ठेवला तरी केन्यावर ग्लायफोसेट मुळातच कमी चालते. याचा दाखला अमेरिकेत आहे. तिथल्या जॉर्जिया राज्यात ग्लायफोसेट सहन करणारा कापूस सगळीकडे झाला आणि शेतकरी त्या एकाच औषधावर राहिले. बाकीची तणे मेली आणि केन्याला मोकळे रान मिळाले. २००० नंतरच्या काही वर्षांतच तो तिथल्या कापसातले सर्वांत त्रासदायक तण ठरला. अमेरिकेत तो केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. आपल्याकडेही एकाच औषधावर भिस्त ठेवली तर वेगळे काही होणार नाही.

केळीवाल्यांनी जास्त जपावे

कपाशीत केना मजुरी वाढवतो. केळीत तो बागच धोक्यात आणू शकतो. कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे शेतकरी ज्याला ‘हरण्या’ म्हणतात तो रोग, २०२० च्या पावसाळ्यात रावेर, यावल भागात मोठ्या प्रमाणावर आला आणि शेतकऱ्यांना उभी रोपे उपटून फेकावी लागली. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पान आकसते, पोंगा सडतो आणि झाड खुजे राहते. रोग लागलेल्या झाडाला औषध नाही.

हा विषाणू काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची, चवळी यांच्यावर राहतो, तसाच केन्यावरही राहतो. केन्यावर रोगाची खूण दिसेलच असे नाही. मावा केन्यावरून उठून केळीच्या कोवळ्या रोपावर बसतो आणि काही सेकंद रस शोषला तरी विषाणू पोचवतो. इतक्या कमी वेळात कीटकनाशक त्याला अडवू शकत नाही. नशिराबाद परिसरात कपाशी आणि केळी शेजारी-शेजारी असतात आणि कपाशीवरचा मावा केळीतही येतो. म्हणून इथे हा धोका जास्त आहे.

- केळी लावण्याआधीच शेत आणि चारही बांध केनामुक्त करावेत. लागवडीनंतर माजलेला केना एकदम उपटला तर त्यावरचा मावा शेजारच्या केळीवरच जातो.
- मृगबागेला पहिले तीन महिने जास्त जपावे. टिश्यूकल्चरची कोवळी रोपे या रोगाला लवकर बळी पडतात.
- ठिबकच्या नळीखाली ओल कायम असते, तिथे केना वाढतो. दर तीन आठवड्यांनी नळी उचलून खालचा केना काढावा.
- मोकळ्या जागेत गव्हाचे काड किंवा सोयाबीनचे कुटार अंथरावे. बी उगवणे कमी होते, ओलही टिकते.
- बागेत आणि बागेशेजारी काकडी, टरबूज, भोपळा, मिरची, चवळी घेऊ नये.
- रोगट झाड दिसताच मुळासकट काढून बागेबाहेर नष्ट करावे.

भाजी म्हणून चांगला, पण जागा बघून खुडा

पावसाळ्यात केन्याची भाजी आणि भजी घरोघरी होतात. कोवळ्या शेंड्यांची भाजी खायला हरकत नाही. मात्र तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या शेतातला, रस्त्याकडेचा आणि गटारीजवळचा केना खुडू नये. निंदणीला आलेल्या बाया बऱ्याचदा भाजी सोबत नेतात. त्या शेतात फवारणी झाली असेल तर मालकाने त्यांना आधीच सांगावे. फुलण्याआधी कोवळा केना खुडून नेला तर तेवढीच निंदणीला मदत होते.

लक्षात ठेवायचे एवढेच

निळे फूल दिसायची वाट बघू नका. उगवल्यापासून महिन्याच्या आत केना काढा, काढलेला शेतात किंवा बांधावर टाकू नका आणि केळी लावण्याआधी बांध साफ करा. मातीतले बी तीन-चार वर्षे टिकते, त्यामुळे एका हंगामात शेत मोकळे होणार नाही. पण सलग तीन वर्षे नवे बी पडू दिले नाही तर निंदणीचा खर्च कमी झालेला दिसेल.

तण ओळखण्यात शंका असेल तर ताजे झाड मुळासकट घेऊन गावच्या कृषी सहायकाला किंवा ममुराबाद येथील कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. केळीवर रोगाची शंका असेल तर जळगावच्या केळी संशोधन केंद्रात चौकशी करावी. तिथे जाताना रोगट रोप नेऊ नये, मोबाईलमध्ये पानाचे आणि पूर्ण झाडाचे स्पष्ट फोटो काढून न्यावेत, म्हणजे वाटेत दुसऱ्याच्या बागेला धोका होणार नाही.