खारीची बेगमी

"आजोबा, स्क्विरल म्हणजे खार ना? मग 'स्क्विरल अवे' म्हणजे खार पळून गेली?"

अगं, पळतेय कुठली! खार खड्डा उकरते, बी पुरते, वर पाचोळा ओढते. तसं काहीतरी गुपचूप जपून ठेवणं म्हणजे स्क्विरल अवे. आपण पावसाळ्याची बेगमी करतो ती साऱ्या घराच्या देखत. ही मात्र चोरून. आजी तुरडाळीच्या डब्यात तळाशी नोटांची पुरचुंडी ठेवते ना, अगदी तसं.

खारीचं इंग्रजी नाव फार जुनं, मूळ ग्रीक. स्किया म्हणजे सावली, उरा म्हणजे शेपूट. स्वतःच्याच शेपटीच्या सावलीत बसणारी ती स्किउरोस! पुढे लॅटिन, मग फ्रेंच असं करत हे नाव इंग्लंडात पोचलं. क्रियापद मात्र अलीकडचं, विसाव्या शतकात रुळलेलं.

आता अमेरिकेतली करडी खार बघ. तिकडे हिवाळ्यात झाडं बोडकी होतात, जमिनीवर बर्फ साचतो. म्हणून ही बाई पानगळीतच कामाला लागते. सगळा माल एका जागी ठेवत नाही. एक चोर आला की दिवाळंच! एकेक बी वेगळ्या खड्ड्यात पुरते.

"मग तिला सापडतं कसं?"

हाच प्रश्न ल्युसिया जेकब्स आणि एमिली लिमन या संशोधकांना पडला होता. 1991 साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी खारींना आधी बिया पुरू दिल्या आणि काही दिवसांनी पुन्हा तिथंच सोडलं, तर खारींनी शेजारणींच्या खड्ड्यांपेक्षा स्वतःचेच खड्डे जास्त उकरले. नाक तर आहेच, पण जागाही लक्षात राहते.

खरी गंमत पुढेच आहे. हा शेंगदाणा घे. सोल, दोन फाका कर. टोकाला इवलंसं नाक दिसलं? तोच कोंब. तिकडच्या ओक झाडाच्या बीलाही असा कोंब असतो. तांबड्या ओकची बी वसंतापर्यंत झोपून राहते, ती खुशाल पुरावी. पांढऱ्या ओकची मात्र पडल्या पडल्या रुजू लागते. पुरली तर खाऊचं झाड व्हायचं! म्हणून खार ती बहुतेक तिथंच खाते. पुरायचीच झाली तर आधी दातानं कोंब कुरतडून टाकते. वनस्पतिशास्त्राच्या कुठल्या तासाला बसली होती कोण जाणे.

आणि दुसरी खार टक लावून बघत असेल तर? ही खड्डा उकरते, तोंड आत घालते, माती लोटते, थापटते... आणि बी तोंडातच ठेवून दुसरीकडे पसार!

एवढ्यात स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबूड थांबली. आजी ऐकत होती. संध्याकाळी मी सहज तुरडाळीच्या डब्यात हात घातला. आत फक्त डाळ होती.