अठ्ठेचाळीस तास, अठ्ठेचाळीस मिनिटे

आपल्या मलाजखंडचा ताम्र प्रकल्प १९८२ साली सुरू झाला. २०२५पर्यंत लागू असलेला खाण कायदा, १९५२ कामाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालत असे आणि जादा तासांना दुप्पट मजुरी देववीत असे. म्हणजे माणसाचा उरलेला वेळ कायद्यालाही महाग वाटत आला आहे. आपण मात्र तो ठेवी फुगवायला नि घर भरायला देऊन टाकतो. दवाखान्यात निवृत्त गृहस्थ विचारतात, “डॉक्टरसाहेब, मुलांचं बालपण कधी सरलं हो?” त्यावर औषधाची पुडी नाही. जैन श्रावकाची दोन व्रते इथे उपयोगी पडतात : परिग्रहपरिमाण, म्हणजे संग्रहाला मर्यादा, आणि सामायिक, म्हणजे ४८ मिनिटे समभावाने बसणे. पहिले पाळले, तर दुसऱ्याला वेळ सापडतो. पुढच्या खरेदीआधी किंमत रुपयांऐवजी कामाच्या तासांत मांडून पाहा.